पिशवी तीच, माणूस मोठा

तांबड्या पेशींची एक पिशवी चढवली की पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या माणसात ते आठवड्याला जवळपास तेवढंच उतरतं. पुढचं गणित चौथीतल्या मुलालाही येईल. दर पंधरा दिवसांनी दोन पिशव्या, म्हणजे वर्षाच्या पन्नास-बावन्न. पुरुषाला तीन महिन्यांतून एकदा रक्त देता येतं, बाईला चार महिन्यांतून. एका मोठ्या रुग्णाला वर्षभर उभं ठेवायचं तर निदान तेरा पुरुषांनी एकही पाळी न चुकवता यायला हवं, आणि त्या तेराही जणांचा ग्रुप त्याच्याशी जुळायला हवा. त्यातल्या एकाला कावीळ झाली, एकाने टॅटू काढून घेतला, एक गावी गेला, की गणित बिघडलं.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आमचं काम काचेच्या आतलं. खिडकीतून मागणीपत्र आणि नमुन्याची नळी आत येते, पिशवी बाहेर जाते. अपघाताचा किंवा बाळंतपणाचा रुग्ण आमच्यासाठी एकदाच असतो, आणि तोसुद्धा नातेवाइकाच्या घाबऱ्या चेहऱ्यातून दिसलेला. थॅलेसेमियाची माणसं मात्र स्वतः येतात आणि येतच राहतात. त्यांची नावं मला ग्रुपसकट पाठ आहेत. उल्हासनगर आम्हाला जवळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांचं ते गाव, आणि सिंधी व लोहाणा समाजांत बीटा ग्लोबिनच्या जनुकातला ६१९ बेस-जोड्यांचा तुकडाच गळालेला असणं हा दोष विशेष आढळतो. त्यामुळे हा सिंध्यांचा आजार अशी समजूत आमच्याकडच्या वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत बऱ्याच जणांची असते. आमच्या रजिस्टरात सावंत आहेत, शेख आहेत, कांबळे आहेत, पाटील तर ढीगभर आहेत.

मी या कामाला लागले तेव्हा पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी येऊन फार दिवस झाले नव्हते. ती बंदी १ जानेवारी १९९८ पासूनची, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलेली. त्या काळात थॅलेसेमिया म्हणजे लहान मूल, आणि मूल म्हणजे आईच्या कडेवर, हे ठरलेलंच. आया खिडकीशी उभ्या राहून आमच्याशी बोलत. हे पोर वीस वर्षांचं झालेलं बघायला मिळेल की नाही, हा प्रश्न त्या विचारत नसत, पण त्यांच्या प्रत्येक प्रश्नाखाली तोच असे. त्यातली बरीच मुलं आज तिशीत, काही चाळिशीत आहेत. कुणाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, कुणी शाळेत शिकवतं, एक जण सीएच्या ऑफिसात आहे, एक लग्नाचे व्हिडिओ करतो. उपचार चालले म्हणून ती मोठी झाली. मोठी झाल्यावर त्यांचं काय करायचं, याचा विचार मात्र कुणी करून ठेवला नव्हता. मागणीपत्रावर अजून वय ३१ आणि विभाग बालरोग असं शेजारी शेजारी लिहून येतं. रक्त चढवायची जागा बहुतेक ठिकाणी मुलांच्या वॉर्डातच. भिंतीवर छोटा भीम, खाट पाच फुटांची, आणि तिच्यावर पाय दुमडून पडलेला दाढीवाला माणूस लॅपटॉपवर कुणाचं तरी जीएसटी भरत असतो.

मोठ्यांच्या मेडिसिन विभागात जावं, तर तिथल्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकात एक पान वाचलेला असतो. त्यांचा दोष नाही. त्यांच्या शिक्षणाच्या काळात हे रुग्ण त्यांच्या वॉर्डापर्यंत जिवंत पोचतच नव्हते. बालरोगतज्ज्ञाला आजार माहीत, पण पस्तिशीतल्या माणसाचा मधुमेह, हृदयाचे ठोके आणि वंध्यत्व हा त्याचा प्रांत नाही. मधल्यामध्ये रुग्णच फाईल घेऊन फिरतो आणि एकेका डॉक्टरला दुसऱ्याचं सांगत बसतो.

रक्तपेढीत बसून मला या मोठेपणाची पहिली जाणीव झाली ती वजनामुळे. आपल्याकडे रक्त साडेतीनशे मिलीच्या पिशवीत घेतात, आणि दात्याचं वजन पंचावन्न किलोपेक्षा जास्त असेल तर साडेचारशेच्या. दुसरीत पेशी सुमारे पाव पट जास्त येतात. पण कागदावर दोन्ही एक युनिटच. पाच वर्षांच्या मुलाला अर्धी पिशवी पुरे, तिथे हा फरक दिसतही नाही. साठ किलोच्या माणसाला डॉक्टरने दोन युनिट लिहिले आणि आम्ही दोन लहान पिशव्या दिल्या, तर तो ठरल्या दिवसाच्या आधीच पाठदुखी घेऊन खिडकीशी येतो. अंगात रक्त उतरलं की आधी कंबर-पाठ धरते, मग जिना चढताना धाप, मग चिडचिड. बायका सांगतात, घरच्यांना आमच्या आवाजावरून तारीख कळते. आता मी मागणीपत्रावरचं वजन आधी बघते आणि मोठ्यांसाठी साडेचारशेच्या पिशव्या बाजूला काढते. मागणीपत्रावर बहुधा वजन लिहिलेलंच नसतं, मग खिडकीतून हाक मारून विचारायचं. बायका आधी लाजतात, मग दोन किलो कमी सांगतात.

आणखी एक गोष्ट. इतर रुग्णांना आम्ही आधी जुनी पिशवी देतो, म्हणजे काही वाया जात नाही. पेशींचं आयुष्य पिशवीतल्या द्रावणानुसार पस्तीस किंवा बेचाळीस दिवस. थॅलेसेमियाला उलटा नियम. शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं ताजं रक्त द्यायचं, कारण शिळ्या पेशी शरीरात गेल्यावर लवकर मरतात आणि पुढची फेरी लवकर येते. त्यामुळे फ्रिजसमोर रोज छोटी लढाई असते. ताजी पिशवी ऑपरेशनवाला मागतो, ताजीच हाही मागतो, आणि एकवीस दिवसांची पिशवी कुणालाच नको असते.

रक्त देण्याआधी हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ते खाली गेलं की हाडांतला मगज रक्त बनवायच्या निष्फळ खटपटीत फुगत जातो, हाडं पोकळ होतात. ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या आमच्या काही रुग्णांच्या कपाळाची आणि गालांची ठेवण ज्या तऱ्हेने बदललेली आहे, त्यावरून त्यांना लहानपणी किती कमी रक्त मिळालं ते कळतं. उंची खुंटलेली, डाव्या बरगडीखाली प्लीहा काढल्याचा वण, रंग करडा-सावळा पडलेला. नव्वदच्या शेवटी जन्मलेली मुलं शेजारी उभी राहिली तर दोघांना एकच आजार आहे हे पाहणाऱ्याला पटणार नाही. मी वयाचा अंदाज असाच बांधते, आणि तो सहसा चुकत नाही.

साडेनऊ हा आकडा कागदावर सोपा आहे. तो मोडतो नोकरीत. रक्त चढवायचं म्हणजे एक तास नव्हे. आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर नमुना द्यायचा, आम्ही क्रॉसमॅच करायचा, म्हणजे पिशवीतलं रक्त त्याच्या रक्ताशी जुळवून बघायचं, मग एकेक पिशवी तीन-चार तास. दोन पिशव्यांना अख्खा दिवस जातो, लोकलचा प्रवास वेगळा. वर्षाला सव्वीस दिवस. खासगी नोकरीत सव्वीस रजा कोण देतो? म्हणून माणसं तारीख ताणतात. कुरिअर कंपनीच्या गोदामात काम करणारा एक जण दिवाळीच्या हंगामात असा ताणत ताणत आला, तेव्हा हिमोग्लोबिन पावणेसात-सात. ‘ताई, या वेळी तीन द्या, म्हणजे पुढची सुट्टी वाचेल.’ असं होत नाही. हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं असताना आणि हृदयात लोह साचलेलं असताना भराभर रक्त दिलं तर हृदयालाच ते पेलत नाही. डॉक्टरांनी त्याला एकच पिशवी दिली, तीही अगदी हळू, बरोबर लघवीचं इंजेक्शन, आणि दुसरीसाठी दोन दिवसांनी बोलावलं. एक रजा वाचवायला गेला आणि दोन गेल्या.

रक्ताबरोबर लोह येतं, हे आता बऱ्याच लोकांना माहीत असतं. किती येतं ते माहीत नसतं. एका पिशवीत सुमारे दोनशे मिलिग्रॅम. आपलं शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं, जास्तीचं टाकायला त्याच्याकडे वाटच नाही. पन्नास पिशव्यांचं वर्षाला दहा ग्रॅम होतं. निरोगी माणसाच्या अख्ख्या देहात चार ग्रॅमच्या आसपास असतं. हे सगळं जातं यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिकेत. म्हणून तिशीतल्या थॅलेसेमिया रुग्णाची औषधांची पिशवी उघडली तर त्यात इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, कधी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन असं काहीही निघतं. एकाच्या हाताची बोटं आमच्या खिडकीशीच वाकडी होऊन आखडली होती. परावटू ग्रंथी थकल्या की कॅल्शियम घसरतं, त्याचा तो प्रकार.

लोह काढायची औषधं ज्याला ज्या काळात मिळाली त्याप्रमाणे त्याचं मोठेपण ठरलं. आधी फक्त डेस्फेरालचा पंप. पोटाच्या कातडीत सुई, आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. ज्यांच्या घरी पैसा होता आणि ज्यांची आई रात्री न कंटाळता सुई लावत होती ती मुलं चांगली राहिली. बाकीच्यांसाठी केल्फरची गोळी आली, १९९५ मध्ये. भारत या औषधाला परवाना देणाऱ्या पहिल्या देशांपैकी होता, हे आपण फारसं सांगत नाही. या गोळीने लघवी तांबूस होते. ती दिसली की औषध लागू पडतंय असं रुग्ण समजतात. पण पांढऱ्या पेशी अचानक घसरायचाही धोका असतो, म्हणून ताप आला की गोळी बंद करून आधी सीबीसी करायची. हे आम्ही इतक्या वेळा सांगितलंय की आता रुग्णच नव्यांना सांगतात. पुढे पाण्यात विरघळवून घ्यायची डेफेरासिरॉक्सची गोळी आली. आज बहुतेक तीच घेतात. घेतात म्हणजे निदान डॉक्टरांना तसं सांगतात. लहान असताना आई गोळी हातावर ठेवत होती. पंचविशीतल्या पोराच्या हातावर कोण ठेवणार? कॉलेजची आणि पहिल्या नोकरीची वर्षं यात सगळ्यात वाईट जातात. फेरिटिन, म्हणजे साठलेलं लोह सांगणारा रक्तातला आकडा, हजाराच्या आत असावं, ते अडीच हजार, चार हजार होतं, आणि काही दुखत नसतं. दुखत नाही हीच अडचण. हृदयातलं लोह फेरिटिनवरून नीट कळतही नाही, त्याला टी-टू-स्टार नावाचा एमआरआय लागतो. त्याचा आकडा वीसच्या वर असला तर ठीक, दहाच्या खाली गेला तर हृदय धोक्यात. अठराशे फेरिटिनवाला त्यात सहावर निघालेला मी पाहिलाय.

आता आमच्या खोलीतली गोष्ट. क्रॉसमॅच.

लोकांना ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढेच ग्रुप माहीत असतात. जास्त उत्साही असतील तर बॉम्बे ग्रुप, जो १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. शिबिरात मला हमखास विचारतात, ‘मॅडम, बॉम्बे ग्रुप बघितलाय का कधी?’ बघितलाय. पण आमची रोजची डोकेदुखी तो नाही. तांबड्या पेशीवर शेकडो खुणा असतात, स्मॉल सी, बिग ई, केल, किड, डफी. आपल्यात नसलेल्या खुणेची पेशी पुन्हा पुन्हा अंगात गेली की शरीर कधीतरी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. वर्षाला पन्नास अनोळखी माणसांचं रक्त घेणाऱ्यांत काही जणांना हे व्हायचंच. मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त, कारण त्यांच्या पिशव्या जास्त झालेल्या. वेळीच पकडलं नाही तर चढवलेलं रक्त आतल्या आत फुटतं. रुग्ण म्हणतो, ‘या वेळचं रक्त टिकलंच नाही हो.’ हे वाक्य ऐकलं की मी त्याचा नमुना पुन्हा लावते.

आपल्याकडे बिग ई ची अँटिबॉडी असेल तर पाचातल्या चार पिशव्या तरी चालतात. स्मॉल सी ची असेल तर दहातल्या चारच. आणि स्मॉल ई ची असेल तर शंभरातल्या दोघा-तिघांचंच रक्त चालतं, मग फोन घेऊन बसायचं. दोन-तीन अँटिबॉडी एकत्र आल्या की नमुना परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवायची वेळ येते. पहिली पिशवी चढण्याआधीच मुलाच्या या सगळ्या खुणा तपासून ठेवल्या तर पुढचं फार सोपं जातं. आमच्या जुन्या रुग्णांचं ते झालेलं नव्हतं, आणि अंगात दुसऱ्यांच्या पेशी मिसळल्यावर साध्या चाचणीने ते करता येत नाही, जनुकांची तपासणी करावी लागते.

शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या रक्तात स्मॉल सी आणि बिग ई दोन्हींच्या अँटिबॉडी आहेत. या दोन खुणा नसलेल्या दात्यांची एक यादी आम्ही बनवली. त्यात एक रिक्षावाला आहे, दर तीन महिन्यांनी आपणहून येतो. आपलं रक्त कुणासाठी राखून ठेवतात ते त्याला माहीत नाही, आणि आम्ही सांगतही नाही. एकदा दोघं एकाच वेळी एकाच बाकावर बसले होते. मी आत जाऊन उगाच एक कपाट लावत बसले.

बाईंनी लग्न केलं तेव्हा रक्तपेढीत चर्चा झाली, आणि त्यांना मूल हवंय म्हटल्यावर जास्तच. मी आतून घाबरले होते. थॅलेसेमियात पियूषिका बिघडल्यामुळे पुष्कळ जणींना पाळीच येत नाही. त्यांना येत होती. नवऱ्याचं एचबीए-टू तपासलं, तो वाहक नाही, म्हणजे मूल मेजर होणार नाही, फक्त मायनर, म्हणजे वाहक होईल. आईकडून एक बिघडलेला जनुक त्याला मिळणारच, त्याला इलाज नाही. हृदयाचा एमआरआय चांगला आला. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षातून सुटत होती ती खिडकीच्या आतल्या आम्हाला दिसली. स्मॉल सी ची अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाऊ शकते आणि बाळाच्या पेशी फोडू शकते. नवऱ्याचा नमुना मागवला. त्याच्या पेशींवर स्मॉल सी नाही, बिग ई सुद्धा नाही! मी मनातल्या मनात पेढा खाल्ला. लोह काढायच्या गोळ्या गरोदरपणात बंद ठेवल्या, आणि पंधरा दिवसांची फेरी दहावर आली. त्या नऊ महिन्यांत यादीतला एकेक दाता आम्ही तारखा मोजून बोलावला. मुलगी झाली, सिझेरियनने, वजन अडीच किलोच्या वर.

सगळ्यांचं असं होत नाही. लग्न ठरवताना लपवलेला आजार नंतर कळून मोडलेले संसार आहेत. फुल शर्टाच्या बाह्या उन्हाळ्यातही खाली ओढणारे पुरुष आहेत, सुईचे डाग दिसू नयेत म्हणून. ऑफिसात सांगितलं तर बढती जाते, नाही सांगितलं तर रजा मिळत नाही. यातून मला तरी चांगला मार्ग दिसलेला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आला, तेव्हा सगळ्यांना फार आशा वाटली. प्रमाणपत्रासाठी रांगा लागल्या. उच्च शिक्षणातल्या आरक्षणात त्यांना जागा आहे, पण सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिका, आणि मग बघा. मज्जा प्रत्यारोपणाला मदत देणाऱ्या योजनाही लहान मुलांसाठी. त्याला वैद्यकीय कारण आहे. जुळणारं भावंड असलेल्या लहान मुलात प्रत्यारोपण फार चांगलं लागतं, लोहाने जून झालेल्या यकृताच्या माणसात धोका वाढतो. कारण पटतं. पण पस्तिशीतल्या माणसाला ते पटवून द्यायची पाळी दर वेळी खिडकीतल्या माणसावर येते.

जुन्या पिढीची आणखी एक खूण हिपॅटायटिस सी. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधीच्या वर्षांत ज्यांना रक्त मिळालं, त्यांतल्या पुष्कळांना तो विषाणू त्या रक्तातूनच मिळालेला. लोहाने आधीच खराब झालेल्या यकृतावर हा दुसरा घाव. सुदैवाने आता त्याची गोळी आहे, बहुतेकांना बारा आठवड्यांत बरं करणारी, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ती फुकट मिळते. गेल्या काही वर्षांत मला मनापासून आनंद झाला तो रजिस्टरातला हिपॅटायटिस सी चा लाल शिक्का खोडताना.

एक वेगळी जात मोठेपणीच सापडते. आजार आहे पण सौम्य, हिमोग्लोबिन आयुष्यभर आठ, रक्त कधीतरी बाळंतपणात किंवा तापात लागलेलं. अशा एका बाईंना चाळिशीपर्यंत प्रत्येक डॉक्टरने लोहाच्या गोळ्याच दिल्या होत्या, कारण आपल्याकडे अशक्त बाई म्हणजे लोह कमी. त्यांच्या आतड्यातून मुळातच गरजेपेक्षा जास्त लोह आत जात होतं. फेरिटिन आलं तेव्हा गोळ्या थांबल्या. डॉक्टरांनी जेवणानंतर कोरा चहा घ्यायला सांगितला, त्याने लोह कमी शोषलं जातं. त्या म्हणाल्या, ‘घरी सगळे चहा सोड म्हणायचे. आता डॉक्टरांनीच लिहून दिलाय.’

थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त विनामूल्य द्यायचं आणि बदली दाता मागायचा नाही, असा नियम आहे. ओळखपत्र दाखवलं की पुरे. नियम नसता तरी या घरांकडून बदली दाता मागणं हास्यास्पदच होतं. आई-बाप दोघंही मायनर असतात. रक्त द्यायला साडेबारा हिमोग्लोबिन लागतं, आईचं हमखास दहा-अकरा. ती मुलासाठी किडनी देईल, पण एक पिशवी रक्त तिला देता येत नाही. काही आया तरी दर शिबिरात बोट पुढे करतात, परत पाठवल्या जातात, पुढच्या शिबिरात पुन्हा येतात. नियमाला एक खोच मात्र आहे. पिशवी फुकट मिळते, पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर कित्येक ठिकाणी रुग्णाला विकत आणावा लागतो. तो नसेल तर थंडी वाजून ताप येतो, आणि मग मोठी माणसं चतुर होतात, ‘फिल्टर राहू द्या, आधी इंजेक्शन देऊन ठेवा.’

आणि मे महिना. कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत. दिवाळीतही तेच. याउलट एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका मांडवात एवढं रक्त गोळा होतं की पुढच्या पाच आठवड्यांत ते संपवताना आमची धांदल उडते. मंडळांचे कार्यकर्ते मनाने फार चांगले असतात. त्यांना मी दर वर्षी सांगते, गणपतीत घेता तसं एक शिबिर मेच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या, भले तीस पिशव्या होऊ द्या. दर वर्षी मान डोलवतात. २०२० च्या एप्रिलमध्ये शिबिरंही नव्हती आणि लोकलही नव्हती. तेव्हा सोसायट्यांच्या आवारात, पार्किंगमध्ये, पाच-सात जणांच्या गटाने रक्त घेतलं. त्या दिवसांत आमचे मोठे रुग्णच कामाला आले. कुठल्या इमारतीत कोण देईल याची यादी करून फोन करत होते, स्वतःचं हिमोग्लोबिन सात असताना.

आता नवी औषधं येतायत. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन रक्ताची गरज कमी करतं, अमेरिकेत ते २०१९ पासून आहे. जनुकोपचारालाही तिथे मान्यता मिळालीय. रुग्ण मोबाइलवर बातमी दाखवतात, मीही वाचते, आणि किंमत वाचून दोघंही पुढच्या तारखेकडे वळतो. आमच्या भागात खरा फरक पडला तो रविवारने. एका केंद्राने मोठ्यांसाठी रविवारी रक्त द्यायला सुरुवात केली. कुठलंही नवं यंत्र नाही, एक डॉक्टर, एक नर्स आणि आमच्याकडचा एक तंत्रज्ञ, शनिवारी संध्याकाळी क्रॉसमॅच करून ठेवणारा. तेवढ्यावर कुरिअरवाल्याचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली जायचं थांबलं. क्रिकेटची मॅच असली की तिकडे एवढा आरडाओरडा असतो की नर्स रक्तदाब घ्यायला येते आणि टीव्ही बंद करते.

तो कुरिअरवाला आता सुपरवायझर झालाय. बदली झाली, थेट विदर्भात. जाताना मी त्याला कार्ड करून दिलं: ग्रुप, खुणा, कुठली अँटिबॉडी, वजन, साडेचारशेच्या दोन पिशव्या, फिल्टर लावून. तिथल्या रक्तपेढीला फोनही केला. पलीकडचा मुलगा नवा असावा. नीट लिहून घेत होता.

‘वय?’

‘चौतीस.’

‘महिने?’

‘वर्षं.’

मग बराच वेळ कुणाशी तरी बोलला. परत आला आणि म्हणाला, मॅडम, मोठ्यांना आमच्याकडे फक्त रविवारी घेतात, चालेल का?

चालेल म्हटलं, आणि पहिली तारीख लगेच लिहून घ्यायला लावली.